बाईमाणसाला हलकी बंदूक देऊ नका

दुकानदाराने प्रश्न नवऱ्याला विचारला. "यांच्यासाठी बघताय ना? मग वीस बोअर काढतो. हलकी असते, बायकांना बरी पडते." वीस बोअर म्हणजे नेहमीच्या बारा बोअरपेक्षा बारीक नळीची छऱ्याची बंदूक. परवान्यावर नाव माझं, फोटो माझा, पैसे माझे, आणि क्ले शूटिंगचं, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या फोडायचं, वेड घरात फक्त मला. नवरा गाडी चालवायला म्हणून आला होता. मी ती बंदूक हातात घेतली, खांद्याला लावून पाहिली, परत दिली आणि बाहेर पडले. इथे इंग्लंडमध्ये हा खेळ सुरू करणाऱ्या ज्या ज्या मुलीशी बोलले, तिला हाच सल्ला मिळालेला आहे. सल्ला देणारे वाईट नसतात, पण सल्ला साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी जणी खांदा काळानिळा करून घेऊन खेळच सोडून देतात.

त्याआधी "बंदूक? तू?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडं. माहेरच्या ग्रुपवर आत्याने लिहिलं, "साता समुद्रापलीकडे जाऊन हेच शिकायचं राहिलं होतं का?" आत्या, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये रायफलमध्ये विश्वविजेती झाली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा आपण पेढे वाटले होते ना? मी राहते त्या वोकिंगपासून बिस्लीची रेंज हाकेच्या अंतरावर आहे. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी तिथेच झाली. अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदकं मिळवली ती त्या मैदानात, आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं, म्हणजे एकदम सुटणाऱ्या दोन तबकड्या फोडायच्या प्रकाराचं, सोनं जिंकलं तेही तिथेच. दोनच वर्षांनी अथेन्सला त्यांना रौप्य मिळालं. तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

राहीच्या प्रकाराचा सराव मात्र इथे करता येत नाही. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी हँडगनवर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर, बंदी आली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठीदेखील पिस्तूल नेमबाजांची खास परवानगी काढावी लागली. त्यामुळे इथल्या सामान्य माणसाला नेमबाजीची मोकळी वाट छऱ्याच्या बंदुकीची, म्हणजे हवेत फेकलेल्या ११० मिलिमीटरच्या तबकड्या फोडण्याची.

आता मूळ मुद्दा. बंदुकीचा धक्का कशावर ठरतो? काडतुसात किती ग्रॅम छरे आहेत, ते किती वेगाने बाहेर पडतात आणि बंदुकीचं वजन किती, यावर. काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. हे आपण आठवी-नववीच्या विज्ञानात शिकलोय. सव्वासहा पौंडांच्या वीस बोअरमध्ये २८ ग्रॅमचं काडतूस घातलं तर ती खांदा सडकून काढते. पावणेआठ पौंडांच्या बारा बोअरमध्ये २१ ग्रॅमचं घातलं तर नुसतं कोणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. २१ ग्रॅमची काडतुसं इथे सर्रास मिळतात, नवशिक्यांना आणि मुलांना तीच देतात. मैदानावर वरची मर्यादा बहुधा २८ ग्रॅम असते, ऑलिंपिकमध्ये तर २४ च. बारा बोअर म्हटलं की आपल्याला दणका आठवतो, पण तो आकडा नळीच्या मापाचा आहे: त्या नळीत बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, एवढंच. दणका काडतुसात असतो, ते आपण निवडायचं.

हलक्या बंदुकीचा दुसरा दोष असा की ती सुरू होते चटकन आणि थांबतेही चटकन. उडत्या तबकडीच्या पुढे नळी न्यायची आणि चाप ओढल्यावरही हात फिरता ठेवायचा, हा या खेळाचा गाभा. जड बंदूक एकदा फिरू लागली की आपल्या वजनाने फिरत राहते. हलकी मध्येच अडते आणि छरे तबकडीच्या मागून जातात. म्हणजे धक्काही जास्त आणि नेमही कमी, आणि वर आपल्याला वाटतं की आपल्याच दंडात जोर नाही.

मग बायकांना खरंच अडचण कुठे येते? दस्त्यात. दुकानातल्या बंदुकांचा दस्ता, चापापासून मागच्या टोकापर्यंत, साडेचौदा ते पावणेपंधरा इंच असतो, कारण तो पुरुषाच्या मापाने बेतलेला असतो. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला पावणेचौदा लागतो. लांब दस्त्याची बंदूक उचलताना काखेत अडकते. मग हात ताणले जातात, पुढचं वजन पेलायला आपण कमरेतून मागे रेलतो, आणि तशा अवस्थेत धक्का बसला की तोल जातो. बघणारा म्हणतो, बंदूक जड झाली बाईंना. बंदूक जड नसते, लांब असते. मोठ्या मापाचा तयार ब्लाऊज घातल्यावर शरीराला दोष देण्यासारखंच आहे हे.

लांबीखेरीज आणखी दोन गोष्टी आहेत. दस्त्याची वरची कड, जिथे गाल टेकतो, ती आपल्याला थोडी उंच लागते. ती खाली असेल तर डोळा नळीवरच्या पट्टीच्या रेषेत येतच नाही, समोर नुसता बंदुकीचा मागचा लोखंडी भाग दिसतो. मग आपण मान उचलतो, गाल सुटतो आणि दस्ता गालफडावर आपटतो. शिवाय दस्त्याच्या मागच्या टोकाचा उतार. पुरुषांच्या सपाट छातीला चालतो तो उतार आपल्याला खालच्या टोकाने रुततो. ते टोक किंचित आत तासून घेतलं की दुखणं संपतं. आता बेरेटाची व्हिटोरिया किंवा गेरिनीची सायरन अशा खास बायकांच्या मापाच्या बारा बोअर बंदुका निघाल्या आहेत, म्हणजे कारखानदारांना कळलंय. काउंटरमागच्या माणसापर्यंत ते अजून पोचायचं आहे.

मला हे सगळं दाखवलं ते एका प्रशिक्षक बाईंनी. साठीच्या असतील. त्यांच्याकडे ट्राय-गन आहे, म्हणजे जिच्या दस्त्याची लांबी, उंची, कल असं सगळं स्क्रूने कमी-जास्त करता येतं अशी मापाची बंदूक. त्यांनी ती माझ्या खांद्याला लावली आणि स्वतः समोर उभ्या राहून, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळीच्या टोकाकडून माझा डोळा कुठे दिसतो ते पाहिलं. एक स्क्रू फिरवायच्या, पुन्हा लावायला सांगायच्या. तेव्हाच निघालं की मी उजव्या हाताची, पण माझा डावा डोळा जास्त जोराचा, म्हणजे नेम धरताना मेंदू त्याचंच ऐकतो. त्यावर त्यांनी माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर नखाएवढा धुरकट चिकटपट्टीचा तुकडा लावला. दोन्ही डोळे उघडे, पण नळीचं टोक फक्त उजव्याला दिसेल अशा जागी. पुढची तबकडी फुटली, त्यापुढचीही. इतक्या साध्या उपायाने हात सुधारतो, यावर माझा आधी विश्वास बसला नसता.

त्यांच्याच सांगण्यावरून मी जुनी मिरोकू घेतली. जपानी बनावट, वर-खाली दोन नळ्या, ३० इंच, पावणेआठ पौंड, गालाची पट्टी वर-खाली करता येणारी. नवीन चांगली बंदूक दोन हजार पौंडांच्या पुढे जाते, जुनीचे त्याच्या निम्म्यानेही पडत नाहीत. जुनी घेताना बंदूक उघडायची वरची खटकी बघायची: बंद केल्यावर ती उजवीकडे असेल तर आयुष्य शिल्लक आहे, मधोमध किंवा डावीकडे गेली असेल तर झीज झालेली आहे. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या हलवून बघायच्या, खुळखुळता कामा नये. नळ्या उजेडाकडे धरून आतून बघायच्या. आणि प्रूफचे, म्हणजे नळ्यांची दाबाची चाचणी झाल्याचे, शिक्के वाचायचे. २०२५ मध्ये इथल्या सरकारने शिशाच्या छऱ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली आहे, म्हणजे पुढे पोलादी छरे वापरावे लागणार. म्हणून आपली बंदूक पोलादाला चालते ना, हे आजच विचारून घेतलेलं बरं. दस्ता कापून घेतला तो तुकडा मी जपून ठेवलाय. उद्या विकायची झाली तर परत जोडता येतो.

परवान्याचं काय, हे सगळे विचारतात. अर्ज पोलिसांकडे. डॉक्टरचा अहवाल, ओळखीच्या लोकांची हमी, आणि मग पोलिसांकडून एक अधिकारी घरी येतो. आमच्याकडे आलेले गृहस्थ अतिशय सौम्य होते. झोप कशी लागते, घरात भांडणं होतात का, पिणं किती, नोकरीचा ताण कितपत, सगळं शांतपणे विचारलं. नवऱ्याशी वेगळं बोलले. लोखंडी कपाट विटांच्या भिंतीलाच ठोकलंय ना, हे हाताने हलवून पाहिलं. मग म्हणाले, "चावी कुठे ठेवणार ते यांना सांगायचं नाही." नवऱ्यालाही नाही. घरात दुसऱ्या कोणाचाही हात त्या कपाटापर्यंत पोचता कामा नये.

आपल्या घरात कपाटाची चावी साड्यांच्या घडीखाली असते आणि घरातल्या प्रत्येकाला ती माहीत असते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यापासून काही लपवायचं हे मला पटायला वेळ लागला. आता मात्र या नियमाचा मला फार आदर वाटतो. २०२१ मध्ये प्लिमथला ज्याने पाच जणांना मारलं, त्याची बंदूक परवान्याचीच होती, आणि आधी काढून घेतलेला परवाना पोलिसांनीच त्याला परत दिला होता. त्यानंतर डॉक्टरच्या अहवालाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. घरी कोणी येऊन असे प्रश्न विचारतो यात मला अपमान दिसत नाही.

पण म्हणून आपल्याकडे शिस्तच नव्हती, असं इथल्या मित्रांनी म्हटलं की मला राग येतो. कुडाळजवळ आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची काडतुसाची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ते ती धोतराच्या पानात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे, पावती देवघरात ठेवायचे. माजघरात असताना काडतुसं वेगळी, बंदूक वेगळी, आणि आम्हा पोरांना दोन्हींना हात लावायची छाती नव्हती. भिंतीला ठोकलेलं कपाट नव्हतं, काकांचा धाक होता. इथल्या कपाटाइतकाच तो पक्का होता, असं मी आजही म्हणेन.

आणि शेवटचं, पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी. पोलिसांची मान्यता असलेल्या क्ले मैदानावर, तिथल्याच प्रशिक्षकाबरोबर, तिथलीच बंदूक वापरून परवान्याशिवाय खेळता येतं. माझी भाची उन्हाळ्यात येतेय, तिचं नाव मी नोंदवून ठेवलंय. तुम्ही फोन कराल तेव्हा आधी तुमची उंची सांगा, आखूड दस्त्याची बारा बोअर आहे का ते विचारा, आणि २१ ग्रॅमची काडतुसं काढून ठेवायला सांगा. वीस बोअर पुढे केली तर नको म्हणा.