पाच कडी, सोळा तारा

शनिवार, जानेवारी

बॉस्कोनच्या आर्ट शोसाठी यंदा काय करायचं ते आज पक्कं झालं: जुन्या सर्किट बोर्डावर कडी बसवून त्यांतून तारेनं एक शब्द विणायचा. बॉस्कोन म्हणजे दर फेब्रुवारीत बोस्टनला भरणारं विज्ञानकथावाल्यांचं संमेलन. चर्चा, वाचन, पुस्तकांची टेबलं आणि एका दालनात चित्रं, शिल्पं, दागिने. चित्राखाली कागद असतो, घ्यायचं असेल त्यानं आपली बोली लिहायची. विज्ञानकथेच्या संमेलनांत कलादालन असायला हवं हा आग्रह बीजो ट्रिंबल यांनी धरला आणि 1960 साली पिट्सबर्गच्या वर्ल्डकॉनला, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलनाला, तो प्रत्यक्षात आणला. तेव्हापासून ही रीत चालू आहे.

मला हे दालन आवडतं ते तिथल्या बघणाऱ्यांमुळे. दुसरीकडे सर्किट बोर्डाचं काही केलं की लोक म्हणतात, 'वा, कचऱ्यातून कला!' आणि पुढे जातात. इथे येणारा वाकून आयसीवरचा नंबर वाचतो. काचेची खिडकी असलेला ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृतीची चिप, दिसला की थांबतो, कारण ती खिडकी कशासाठी असते ते त्याला माहीत असतं: आतलं लिखाण अतिनील प्रकाशानं पुसण्यासाठी. अशा नजरेसमोर वस्तूवर सोनेरी स्प्रे मारून तिची ओळख पुसणं मला पटत नाही. गिअर चिकटवून, पितळी रंग देऊन केलेली कामं मी दरवर्षी बघते. त्यांत मेहनत असते, पण मूळ वस्तू काय होती हे झाकलं जातं. मला नेमकं तेच दाखवायचं आहे.

रविवार

बोर्ड निवडला. एमआयटीच्या फ्ली मार्केटमधून आणलेल्या खोक्यात होता. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बोस्टनशेजारच्या केंब्रिजला हा बाजार भरतो. हॅम रेडिओवाले, जुने इंजिनिअर, गाडीच्या डिकीत ऑसिलोस्कोप मांडून बसलेले आजोबा. पुण्याच्या जुन्या बाजारात वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

हा बोर्ड जुन्या पद्धतीचा आहे. त्यावरचे तांब्याचे मार्ग कोपऱ्याशी काटकोनात किंवा 45 अंशात वळत नाहीत, सैल गोलाईनं वळतात. संगणकावर आखणी सुरू होण्याआधी पारदर्शक फिल्मवर काळी टेप चिकटवून हे मार्ग हातानं आखत. मूळ आकाराच्या दुप्पट किंवा चौपट आखायचे आणि मग फोटो काढून लहान करायचे. बोर्ड तिरका धरला की एका ठिकाणी तीन मार्ग शेजारून जाताना किंचित लहरतात. टेप दाबणाऱ्याचा अंगठा तिथे थोडा सरकला असणार. ती लहर मी तासभर बघत बसले होते.

बोर्ड कापणार नाही. एपॉक्सीत काचेचे धागे असतात. करवत लावली की त्यांची धूळ उडते आणि ती छातीत जाऊ द्यायची नाही. शिवाय अख्ख्या बोर्डाची आखणी अख्खीच दिसली पाहिजे.

बुधवार, रात्री

गॅरेजचं दार उघडं ठेवून सुटे भाग उतरवले. बाहेर बर्फ, आत हॉट एअर गन. हे काम मी स्वयंपाकघरात कधीच करत नाही. युरोपनं 2006 च्या जुलैपासून सोल्डरमधल्या शिशावर निर्बंध आणले, त्याआधीच्या बोर्डांत शिसं असतंच असं धरून चालायचं. हातमोजे, मास्क, नंतर साबणानं हात.

तार मिळाली ती एका जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबच्या, मॉनिटरच्या डिगॉसिंग कॉइलमधून. मॉनिटर सुरू करताना 'ढुप्प' आवाज येऊन चित्र थरथरायचं, आठवतंय? ते करणारी वेटोळी तार पडद्याच्या कडेनं फिरवलेली असते. वरची टेप सोडवली की लाखेचा लेप असलेली तांब्याची तार सलग हातात येते, वापरून जुनी झालेली, तपकिरी-लाल. पिक्चर ट्यूबला मात्र नीट माहिती असल्याशिवाय कुणी हात लावू नये. मॉनिटर बंद केल्यावरही तिच्यात बराच काळ विजेचा उच्च दाब साठून राहतो. ट्यूब मी गावाच्या संकलन केंद्रात दिली. तिच्या काचेत शिसं असतं, म्हणून मॅसॅच्युसेट्सनं 2000 सालीच अशा नळ्या कचरा डेपोत टाकायला बंदी केली. अमेरिकेतलं असं करणारं ते पहिलं राज्य.

कडी पीसीच्या पॉवर सप्लायमधली. पिवळी, एक बाजू पांढरी, त्यावर जाड तारेचे वेढे. वेढे उलगडले की लोखंडाच्या भुकटीचं दाबून केलेलं स्वच्छ कडं उरतं. अशी पाच हवीत.

शनिवार

पाचच का, ते लिहून ठेवते.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर वॉल्थम आहे. तिथल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात अपोलो यानांच्या संगणकाची स्मृती विणली गेली. विणली हा शब्द अगदी सरळ अर्थानं. चुंबकीय कडी ओळीनं मांडलेली आणि त्यांतून बारीक तारा. तार कड्यातून गेली तर 1, बाहेरून गेली तर 0. केंब्रिजला एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिलेला प्रोग्राम असा तारेत उतरायचा. भोकं पाडलेल्या टेपवरच्या सूचनांनुसार यंत्र नेमकं कडं समोर आणून धरी, पण सुई ओवायची ती बाईनं, हातानं. त्यातल्या काही जणी कापड गिरण्यांत, काही घड्याळांच्या कारखान्यात काम केलेल्या. एका संगणकात 36,864 शब्द, प्रत्येक शब्द 16 बिटांचा, म्हणजे सोळा 1 किंवा 0 चा. एकदा विणलं की सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना विणकाम सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी हात थांबवावा लागे. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला तो या बायकांच्या ओवणीवर भरवसा ठेवून.

या पद्धतीनं मी एक मराठी शब्द विणणार आहे: अवकाश. युनिकोड, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत, त्यात त्याची पाच चिन्हं होतात: अ, व, क, काना, श. त्यांचे क्रमांक 0905, 0935, 0915, 093E, 0936. हे आकडे सोळाच्या पायाचे, म्हणून त्यांत E सारखं अक्षरही येतं. प्रत्येक क्रमांक 16 बिटांचा, म्हणजे अपोलोच्या शब्दाएवढाच. एका चिन्हाला एक कडं, एका बिटाला एक तार. पाच कडी, सोळा तारा.

कागदावर मांडणी केली तेव्हा जे दिसलं त्यानं मी हरखून गेले. देवनागरीच्या नेहमीच्या चिन्हांचे क्रमांक 09 नं सुरू होतात, त्यामुळे दोन तारा पाचही कड्यांतून आरपार जातात. शिरोरेषेसारख्या. तिसरी एक तारही पाचही कड्यांतून जाते, पण तो या शब्दापुरता योग. आठ तारा एकाही कड्यात शिरत नाहीत, शेवटपर्यंत बाहेरूनच. आणि एक तार फक्त चौथ्या कड्यातून जाते, बाकी चार ठिकाणी बाहेरून. चौथं कडं म्हणजे काना. अवकाशातल्या कान्याची स्वतःची एक तार आहे! हे मी ठरवलेलं नाही, अक्षरांच्या क्रमांकांतच ते होतं.

मंगळवार

तारा ढिल्या पडतात. चार-पाच ओवल्या की आधीच्या सैल होतात आणि कुठली आतून, कुठली बाहेरून ते लांबून कळत नाही. सोलापूरच्या मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. लग्नाआधी ती घरी कांड्या भरायची, शेजारी माग होते.

'ताण कशाचा दिलाय गं?' तिचा पहिला प्रश्न.

म्हटलं, शेवटी सगळ्या एकत्र पिळून स्क्रूला बांधल्यात.

'तसं नको. सगळे एकदम ओढलेस की मधले ढिले राहणारच. एकेकाला वेगळं वजन बांध, सारखं. रात्रभर लोंबू दे. सकाळी बांध.' मग थोडं थांबून, 'आणि हे त्या बायकांनी चंद्राच्या यानासाठी केलं म्हणतेस? सुई धरायला शिकवायला लागलं नसेल त्यांना.'

सगळ्या तारांना सारख्या मापाचे नट बांधले. आता टेबलाच्या कडेवरून सोळा नट लोंबतायत. लेकीला सक्त ताकीद दिली आहे, हात लावायचा नाही.

बुधवार

मावशीचं बरोबर होतं. तारा सरळ, एकमेकींपासून सुट्या. आतल्या आणि बाहेरच्या स्पष्ट वेगळ्या दिसतात.

लेक म्हणाली, 'आई, आतून जाणाऱ्या तारांना एलईडी लाव ना, चमकतील.' तिला समजावून सांगितलं की दिवे लावले की माणूस दिवे बघतो. तार कुठे आत जाते, कुठे वळसा घालते हे ज्याला बघायचं त्यानं डोळ्यांनी तारेचा माग काढावा. त्याला वेळ लागावा असंच मला वाटतं. तिला ते पूर्ण पटलेलं नाही. तिच्यासाठी एलईडीचं वेगळं काहीतरी करू.

गुरुवार

एका मैत्रिणीनं विचारलं, 'यानं ई-कचरा कमी होतो का?' नाही होत. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला 22.3 टक्के एवढाच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. माझा एक बोर्ड आणि पाच कडी त्यात कुठेच नाहीत. उरलेल्यातलं पुष्कळसं दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडलं जातं, तारांवरचं प्लॅस्टिक जाळून तांबं काढलं जातं. बनवतानाही हात, मोडतानाही हात. मधल्या काळात वापरणाऱ्या आपल्याला ते दिसत नाहीत, आणि मला त्याचाच त्रास होतो. टेप चिकटवणारा तो कुणी, वॉल्थमच्या त्या बायका, सीलमपूरची ती पोरं. माझ्या कामानं एखाद्याला निदान एक हात दिसावा.

शुक्रवार, बॉस्कोनच्या आदल्या आठवड्यात

मागे लाकडी चौकट आणि टांगायला जाड तार बसवली. आर्ट शोच्या जाळीदार पॅनेलवर हूकला टांगायचं असतं, तेव्हा वजन आणि तोल आधी घरी तपासलेला बरा. बोर्ड खाली किंचित झुकत होता, चौकटीत एक पाचर घातली.

लेबलवर शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत. माध्यम: सर्किट बोर्ड, पॉवर सप्लायची कडी, मॉनिटरची तार. त्याखाली एक ओळ: 'वॉल्थमच्या विणकर बायकांसाठी. तार आतून गेली तर 1, बाहेरून गेली तर 0.' एवढं पुरे. ज्याला वाचायचं तो पाचही कडी वाचेल. युनिकोडचा तक्ता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

'विक्रीसाठी नाही' असं लिहावं का, यावर बराच वेळ घोळ घातला. शेवटी किमान बोली लिहिली, साहित्य आणि चौकट यांचा खर्च निघेल एवढीच. माझ्या भिंतीवर ते रोज मलाच दिसेल, आणि मला ते पाठ आहे. दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं तर तिथे येणारे विचारतील, हे काय आहे, आणि त्या घरातल्या माणसाला वॉल्थमपासून सांगायला सुरुवात करावी लागेल.