सर्व्हो हलला की बोर्ड रिसेट
आज लॅबमध्ये रोबोटिक आर्मचा नेहमीचा आजार: सर्व्हो (सांगेल त्या कोनात फिरणारी मोटर) हलला की आर्डुइनो ऊनो (तिला सिग्नल देणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रिसेट. कोड उसवत बसू नका, दोष बहुधा वीजपुरवठ्याचा असतो. एमजी९९६आर सर्व्हो अडकला की 6 व्होल्टला सुमारे 2.5 अँपिअर ओढतो. ऊनोचा यूएसबी फ्यूज 500 मिलिअँपिअरचा. सर्व्होचा करंट बोर्डावरूनच घेतला, तर व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि बोर्ड रिसेट होतो. मल्टिमीटरला ते दिसतही नाही, ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं उपकरण) लावा.

सर्व्होला 6 व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, त्याच्या पिनांजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (ध्रुव बघून!). आणि दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड (ऋण टोकं) एकमेकांना जोडायला विसरू नका. तेवढी एक वायर राहिली, की सिग्नलला संदर्भच उरत नाही आणि सर्व्हो नुसता थरथरतो. ब्रेडबोर्डवरून (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी) मात्र हा करंट नेऊ नका, आतल्या पट्ट्या तापतात.