रज्जूमागचे काळे ठिपके
साठीतला पेशंट. चार महिने पाय जड, चाललं की वाढायचं, बसलं की उतरायचं. कमरेच्या एमआरआयवर एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी जराशी बाहेर, म्हणून ट्रॅक्शन चाललेलं. तपासलं तर गुडघ्याचे रिफ्लेक्स तीव्र, तळपायावर ओरखडा काढला की अंगठा वर, म्हणजे बिघाड मेंदूत किंवा मज्जारज्जूत. मज्जारज्जू एल१-एल२पाशी संपतो. त्याखालच्या गादीने रिफ्लेक्स वाढत नाहीत, झालेच तर मंदावतात. हातोडीला दोन मिनिटं लागतात, पण हल्ली आधी फिल्म आणि जमलं तर पेशंट.

छातीच्या भागाचा एमआरआय केला. टी२ चित्रांवर (यांत पाणी आणि सूज पांढरी दिसते) डी७पासून, म्हणजे छातीच्या सातव्या मणक्यापासून, खालच्या टोकापर्यंत रज्जू सुजलेला, पांढरा. बी१२ आणि तांबं नॉर्मल, एक्वापोरिन-४ची अँटिबॉडी (रज्जूच्या एका दाहाची खूण) निगेटिव्ह, पाठीतल्या, रज्जूभोवतीच्या पाण्यात पेशी नाहीत. ट्रान्सव्हर्स मायलायटिस (रज्जूचा दाह) फार तर २१ दिवसांत कळस गाठतो, इथे चार महिने उलटलेले. तरीही आम्ही तेच निदान लिहिलं आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड १ ग्रॅम शिरेतून दिलं. रात्री लघवी अडकली, सकाळी उभं राहता येईना.

मग फिल्म पुन्हा लावल्या. रज्जूच्या मागे, पाण्यात, काळे वळणदार ठिपके. रिपोर्टमध्ये त्यांना 'पाण्याच्या प्रवाहाची सावली' म्हटलं होतं. सावलीच्या कडा पुसट असतात. हे रेखीव होते आणि शेजारच्या कापांतही माग काढता येत होता. फुगलेल्या शिरा! ड्युरल एव्ही फिस्टुला: मज्जातंतूच्या मुळावरच्या आवरणात एक बारीक धमनी थेट शिरेला जुळते, धमनीचा दाब रज्जूच्या शिरांत उतरतो, निचरा तुंबतो आणि रज्जू सुजतो. यात स्टेरॉईडने पेशंट ढासळू शकतो, हे पुस्तकात आहे.

अँजिओग्राफीत बरगड्यांखालच्या आणि कमरेच्या धमन्या दोन्ही बाजूंनी एकेक करून कॅथेटरने भराव्या लागतात. कंटाळून एखादी सोडली तर नेमकी तीच असते. जोड सापडला डाव्या डी९ला. रज्जूला पुढून रक्त देणारी धमनी त्याच फांदीतून निघत होती, त्यामुळे कॅथेटरमधून ग्लू भरून जोड बुजवणं बाद, रज्जूचं रक्तही तुटलं असतं. सर्जनने ड्युरा (रज्जूचं बाहेरचं आवरण) उघडून शीर क्लिप केली. लालभडक शीर काही मिनिटांत निळी पडली.

आता तो काठीने चालतो. लघवीसाठी मात्र दिवसातून चार वेळा स्वतः कॅथेटर घालतो.

कमरेचा तो पहिला एमआरआय नंतर परत काढून पाहिला. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, डी१२च्या मागे, रज्जूचं टोक पांढरं होतं आणि ठिपकेही होते.