नव्या गुलाबांचा वाफा: निवड, लागवड आणि पहिली फूट

नव्या वाफ्यात चार गुलाब लागले आहेत. मागे ‘क्वीन एलिझाबेथ’, पुढे दोन ‘आइसबर्ग’ आणि येता-जाता वास घेता यावा म्हणून अगदी कडेला ‘डबल डिलाइट’.

‘क्वीन एलिझाबेथ’ (1954 सालची जात) सहज माणसाच्या उंचीला जातो, त्यामुळे पुढे लावला तर बाकीच्यांचं ऊन खातो. ‘आइसबर्ग’ (1958) फ्लोरिबंडा आहे, घोसांनी फुलतो, काटे कमी. ‘डबल डिलाइट’च्या (1977) पाकळ्यांची लाल कड उन्हात उमटते, सावलीत लावला तर फूल फिकंच राहतं. ‘पापा मेयाँ’ मात्र मन घट्ट करून यादीतून काढला. त्याच्या वासाला तोड नाही, पण तो भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पटकन धरतो आणि या वाफ्याच्या एका बाजूला भिंत असल्याने वारा कमी खेळतो.

रोप घेताना फूल शेवटी बघावं. आधी कलमाचा सांधा, म्हणजे जिथे हवी ती जात खुंटावर (खालच्या मुळांच्या रोपावर) जोडलेली असते ती जागा: त्यावर भेग नको, आणि तिथून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निदान तीन फांद्या निघालेल्या हव्यात. फांदीवर काळपट, खोलगट डाग असेल तर ते रोप सोडून द्यावं. पिशवी थोडी खाली करून मुळं बघता आली तर फारच उत्तम. पांढरी टोकं दिसली की मुळं वाढती आहेत. जाड, तपकिरी मुळांचे वेढेच वेढे दिसले तर ते रोप पिशवीत फार काळ अडकलेलं असतं. फुलांनी डवरलेल्या रोपापेक्षा निरोगी पानांचं, कमी फुलांचं रोप घ्यावं.

खड्डे 45 × 45 × 45 सेंटीमीटर, दोन रोपांत 75 सेंटीमीटर अंतर. माती भरण्याआधी निचरा तपासला. खड्डा एकदा भरून जिरू दिला आणि पुन्हा भरला, तर पाणी तासाला जेमतेम दीड सेंटीमीटर उतरत होतं. एवढ्या संथ निचऱ्यात मुळं गुदमरतात. म्हणून अख्खा वाफाच 20 सेंटीमीटर उंच केला. अशा चिकण मातीत नुसती खड्ड्यातली माती भुसभुशीत केली तर खड्डा हौद होतो, आजूबाजूचं पाणी त्यातच येऊन साठतं.

मिश्रण साधं: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. खताला वास येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल तर थांबावं, कोवळी मुळं जळतात. मातीचा सामू (pH) 6 ते 6.8 असावा. जुना गुलाब काढून त्याच जागी नवा लावायचा असेल तर खड्ड्यातली माती पूर्ण बदलावी, नाहीतर नवं रोप खुरटतं. खड्डे भरून, पाणी देऊन माती आठवडाभर बसू दिली. ही घाई कधीच करू नये, कारण माती नंतर दबली की रोपही खाली खचतं आणि सांधा गाडला जातो.

सांध्याची उंची ही लागवडीतली सगळ्यात नेमकेपणाने करायची गोष्ट. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून माप घेतलं: सांधा मातीच्या 4 सेंटीमीटर वर. उष्ण हवेत असाच ठेवावा, म्हणजे तो कोरडा राहतो आणि खुंटाचे फुटवे लगेच दिसतात. जिथे जमीन गोठते तिथे उलट, थंडीपासून जपण्यासाठी तो 5 सेंटीमीटर मातीखाली घेतात. मुळांचे वेढे बोटांनी सैल केले, माती हाताने दाबली (पायाने नाही, ओली चिकण माती घट्ट होते), प्रत्येकी 8 ते 10 लिटर पाणी दिलं आणि 5 सेंटीमीटर जाड पालापाचोळा पसरला, खोडापासून चार बोटं लांब.

आता सगळीकडे लालसर फूट आहे. ‘डबल डिलाइट’च्या सांध्याच्या वरून एक जाडजूड तांबूस धुमारा निघालाय, तो जपायचा. एका ‘आइसबर्ग’ला सांध्याखालून फुटवा आला. माती बाजूला करून तो मुळाशी जिथे जोडलेला होता तिथूनच ओढून काढला. कात्रीने कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो. एका पानात सात पर्णिका असलेला फुटवा तो खुंटाचा, हा ठोकताळा भरवशाचा नाही; फुटवा कुठून निघालाय तेच बघावं.

‘क्वीन एलिझाबेथ’ची एक फांदी शेंड्याकडून काळी पडत होती. आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत ती कापत आणली आणि शेवटचा काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर 5 मिलिमीटर सोडून घेतला. दुसऱ्या ‘आइसबर्ग’च्या खालच्या पानांवर बुरशीचे काळे ठिपके दिसले, ती पानं तोडून वाफ्याबाहेर टाकली. या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास ओलं राहावं लागतं, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशीच.

कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की खुडतोय, म्हणजे जोर मुळांत आणि फांद्यांत जाईल. फुलं पुढच्या फुटीवर राहू देणार, आणि रासायनिक खताचा पहिला हलका डोसही तो बहर ओसरल्यावरच. ती फुलं काढताना देठ आखूड ठेवायचा, पानं जितकी राहतील तितकी हवीत.