आमची वाटचाल : रेपो दर आणि पुठ्ठ्याची खोकी

२००८ च्या मे महिन्यात आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना सुरू केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे पतधोरण ही आमच्या लेखी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी होती. यंत्रासाठी कर्ज मंजूर झाले त्या वेळी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, ७.७५ टक्के होता. यंत्र बसून पहिले खोके बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जुलैअखेर, तो ९ टक्क्यांवर गेला आणि पहिल्याच हप्त्याबरोबर व्याजवाढीचे पत्र आमच्या हाती पडले. त्या पत्रापासून आमचे या विषयातले शिक्षण सुरू झाले.

खरा धक्का पुढच्या वर्षी बसला. जागतिक वित्तीय संकटामुळे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला, म्हणजे तब्बल सव्वाचार टक्क्यांची कपात केली. आमच्या कर्जाचा दर मात्र त्यातला जेमतेम एक टक्का उतरला. शाखेत जाऊन विचारले असता व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितले की, बँकेने ठेवी आधीच चढ्या दराने घेतल्या आहेत आणि त्यांची मुदत संपेपर्यंत ते व्याज देणे भाग आहे. हे कारण खोटे नव्हते. पण दर वाढताना हीच ठेवींची अडचण कधी आड आली नव्हती, हे आमच्या मनात राहिले.

रिझर्व्ह बँक स्वतः याच दुखण्यावर पुढे दहा वर्षे उपाय शोधत होती. जुलै २०१० मध्ये बेस रेट (ज्याच्याखाली बँकेने कर्ज द्यायचे नाही असा किमान दर) आला, एप्रिल २०१६ मध्ये एमसीएलआर (बँकेला नवा पैसा उभारायला येणाऱ्या खर्चावर बेतलेला किमान दर) आला, आणि दोन्ही वेळा दरकपात कर्जदारापर्यंत पूर्ण पोहोचत नाही, अशीच तक्रार उरली. शेवटी १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांची नवी तरत्या (बदलत्या) दराची कर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराशी, जोडणे आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदलणे बँकांवर बंधनकारक झाले. आम्ही २०२० च्या आरंभी आमचे ४० लाखांचे कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी लागेल तसे उचलायचे कर्ज, त्या पद्धतीवर नेले. त्यानंतर मार्च व मे २०२० मध्ये रेपो ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आला आणि ती कपात, टाळेबंदीत कारखाना ओस पडलेला असताना, पुढच्या तिमाहीत पैशापैशाने आमच्या खात्यात दिसली.

महागाई आपल्यावर बाहेरून येऊन आदळते, असे आम्ही बरीच वर्षे मानत होतो. २०२०-२१ मध्ये परदेशातून येणाऱ्या रद्दीचा तुटवडा झाला, कंटेनरचे भाडे अवाच्या सवा वाढले आणि त्या रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद (क्राफ्ट पेपर) बनवणाऱ्या गिरण्यांकडून दरवाढीचे निरोप मोबाइलवर येऊ लागले. सकाळी ठरवलेला दर संध्याकाळी चालत नसे. रेपो दर वाढवल्याने रद्दीची एक गासडीसुद्धा जास्त आयात होणार नाही, हे उघड आहे, आणि पुरवठ्यातून येणाऱ्या महागाईपुढे मध्यवर्ती बँकेचे हात तोकडे पडतात, या टीकेत तथ्य आहे. पण मार्च २०२२ मध्ये एका जुन्या ग्राहकासाठी पाच प्लाय (पाच थरांच्या) खोक्याचे कोटेशन तयार करताना आम्ही जे केले, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. कागदाचा त्या दिवशीचा दर, सरस, वीज, मजुरी आणि नफा असा हिशेब मांडून झाल्यावर, ‘पुढच्या महिन्यात गिरणी पुन्हा वाढवणारच’ म्हणून आम्ही पाच टक्के वरून चढवले आणि खाली ‘दर सात दिवसांपुरते’ असे लिहिले. पूर्वी हीच मुदत तीन महिन्यांची असे. जी वाढ अजून झालीच नव्हती, ती आम्ही ग्राहकाकडून आधीच वसूल करू पाहत होतो. ग्राहकानेही घासाघीस केली नाही, कारण त्याने त्याच्या मालाच्या किमतीत तीच वाढ गृहीत धरलेली होती. महागाईची अपेक्षा ज्याला म्हणतात आणि जी जोखण्यासाठी रिझर्व्ह बँक कुटुंबांचे नियमित सर्वेक्षण करते, ती आमच्या टेबलावर अशी दिसली.

एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर ठरलेले महागाईचे लक्ष्य ४ टक्के आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मोकळीक असे आहे. त्या वर्षी सलग तीन तिमाही ही वरची मर्यादा ओलांडली गेल्याने रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागली. ४ मे २०२२ रोजी ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता झालेल्या वाढीपासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. आमच्या ४० लाखांवर याचा अर्थ वर्षाला १ लाख रुपये जास्त व्याज. रक्कम बोचली, पण आम्हाला खरा फटका तिने दिला नाही.

फटका आला तो उधारीतून. पंखे बनवणाऱ्या आमच्या मोठ्या ग्राहकाचे व्याज आमच्याहून कितीतरी पटीने वाढले होते. त्याने कच्च्या मालाचा साठा कमी केला, महिन्याची एक मोठी ऑर्डर तोडून आठवड्याच्या चार लहान ऑर्डरी दिल्या आणि ४५ दिवसांत येणारे पैसे ८० दिवसांवर नेले. धोरण कडक झाले की मोठे उद्योग बँकेऐवजी पुरवठादाराच्या पैशावर चालतात, हे आम्ही २०१०-११ च्या तेरा दरवाढींतही पाहिले होते. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार थकलेल्या बिलावर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक दरा’च्या तिप्पट, म्हणजे त्या वेळी २०.२५ टक्के आणि तेही मासिक चक्रवाढीने, व्याज मागण्याचा आम्हाला अधिकार होता. मागितले असते तर ती ऑर्डर दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्याकडे गेली असती. वसुलीत थोडा फरक पडला तो १ एप्रिल २०२४ पासून, ग्राहकाने मुदतीत न दिलेल्या रकमेची त्याला प्राप्तिकरात त्या वर्षी वजावट न देणारी तरतूद लागू झाल्यावर. पतधोरणाशी तिचा काही संबंध नव्हता.

तरीही दरवाढ फुकट गेली, असे आम्ही म्हणणार नाही. २०२२ च्या उत्तरार्धात गिरण्यांचे दर नरमले. परदेशातली मागणी घटल्याचा त्यात मोठा वाटा होता, म्हणून सगळे श्रेय रेपोला देणे चुकीचे ठरेल. पण साठा करणे महाग झाल्यावर ग्राहक प्रत्येक पैशासाठी भांडू लागला आणि ते चढवलेले पाच टक्के आम्हाला मुकाट्याने काढावे लागले. २०२३ च्या मध्यापासून आमच्या कोटेशनची मुदत पुन्हा एक महिन्याची झाली.

२०२५ मध्ये चार टप्प्यांत सव्वा टक्का उतरून डिसेंबरात रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. आमची कॅश क्रेडिटची मर्यादा आता ६० लाखांची आहे, त्यामुळे वर्षाला सुमारे ७५ हजार रुपये वाचतील. दोन रंगांच्या छपाईयंत्राचे दरपत्रक चार महिन्यांपासून फाइलीत आहे आणि कर्ज स्वस्त झाल्याचे सांगणारे बँकेचे फोनही येतात. पंख्यांच्या हंगामाच्या ऑर्डरी येऊ लागल्या की त्या महिन्याच्या आहेत की आठवड्याच्या, हे पाहून आम्ही ती फाइल उघडणार आहोत.