सॅटचं व्याकरण कानाने सुटत नाही

सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्यातल्या इंग्रजी व्याकरणाबद्दल ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, वाक्य मनात वाचून बघ आणि कानाला बरं वाटेल ते टिक कर. क्लासच्या सरांचंही तेच. अहो, लहानपणापासून घरात इंग्रजी ऐकणाऱ्याचा कान तयार असतो. माझ्या कानाला चारही पर्याय सारखेच बरे वाटायचे. या एका सल्ल्याने माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढा अख्ख्या गणिताने खाल्ला नाही, म्हणून हे लिहितेय.

सॅट आता संगणकावर होते. रीडिंग अँड रायटिंगची दोन मॉड्यूल्स, प्रत्येकी ३२ मिनिटं आणि २७ प्रश्न. दोन्ही मिळून ११ ते १५ प्रश्न व्याकरणाचे. थोडे वाटतात, पण पहिलं मॉड्यूल कसं गेलं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपं आलं की वरचे मार्क गेलेच. व्याकरणाचे नियम मोजके आहेत, त्यामुळे ते मार्क सोडणं मला तरी परवडणारं नव्हतं.

कर्ता-क्रियापदाचे प्रश्न लवकर जमले. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम लांबलचक शेपूट घातलेलं असतं, ते बोटाने झाकायचं. तीन पर्याय अनेकवचनी आणि एकच एकवचनी दिसला तर आधी त्या एकट्याकडे बघायचं. तिथे काळाचा घोळ हा बहुतेक वेळा नुसता देखावा असतो.

घोडं अडलं ते विरामचिन्हांपाशी. चारही पर्यायांत शब्द तेच, फरक फक्त कॉमा, सेमीकोलन, कोलन आणि डॅशचा. यात कान काय ऐकणार? मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, ते आलं की वाक्य संपल्याचं वेगळं सांगावं लागत नाही, आणि ‘तो आला, बसला, निघून गेला’ असं कॉमांवर सगळं निभावतं. सॅटमध्ये दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की पर्याय बाद. तिथे फुलस्टॉप हवा, सेमीकोलन हवा, नाहीतर कॉमासोबत अँड, बट, सो असं काहीतरी हवं. म्हणून मी वाक्य ‘ऐकणं’ सोडलं आणि रिकाम्या जागेच्या डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा एवढंच विचारायला लागले: हे एकटं उभं राहतं का? दोन्हीकडे ‘हो’ आलं की नुसत्या कॉमाचा पर्याय खोडायचा. कोलनच्या डावीकडे पूर्ण वाक्य लागतंच, उजवीकडे यादी असो वा एखादा शब्द, काहीही चालतं. म्हणून ‘सच ॲज’नंतर कोलन दिसला की तो पर्याय डोळे मिटून बाद. आणि शब्द तेच ठेवून एका पर्यायात फुलस्टॉप, दुसऱ्यात सेमीकोलन असेल तर दोन्ही चूक, कारण दोघांचं काम एकच आणि बरोबर उत्तरही एकच.

एवढं करूनही ‘हाउएव्हर’ने मला रडवलं. सरांनी शिकवलेलं ठरलेलं होतं: आधी सेमीकोलन, मग हाउएव्हर, मग कॉमा. आता हे बघा. ‘मेनी पीपल थिंक ऑल डेझर्ट्स आर हॉट. अंटार्क्टिका इज अ डेझर्ट, हाउएव्हर; इट गेट्स व्हेरी लिटल रेन.’ इथे सेमीकोलन हाउएव्हरच्या नंतर आहे आणि तेच बरोबर आहे. तो आधी टाकला तर अर्थ होतो, ‘अंटार्क्टिका वाळवंट आहे, पण तिथे पाऊस फार कमी पडतो’. पाऊस कमी म्हणूनच तर ते वाळवंट! विरोध आहे तो मागच्या वाक्याशी, लोकांच्या समजुतीशी. म्हणजे व्याकरणाने दोन्ही पर्याय चालतात आणि निवाडा अर्थावर होतो. हे क्लासमध्ये कुणी एका ओळीत सांगितलं असतं तर! ज्या दिवशी हे डोक्यात शिरलं त्या दिवशी सरावातले जुने सगळे हाउएव्हर शोधून पुन्हा सोडवले, निव्वळ सूड म्हणून.

नावांचं सांगायचं राहिलंच. ‘मरीन बायोलॉजिस्ट रेचल कार्सन’ असं आधी पेशा आणि मग नाव आलं तर मध्ये कॉमा नाही. ‘रेचल कार्सन, अ मरीन बायोलॉजिस्ट,’ असं उलट आलं तर दोन्ही बाजूंनी कॉमा. डॅशने सुरू झालेली पुस्ती वाक्याच्या मध्येच संपत असेल तर ती डॅशनेच बंद करायची, कॉमाने नाही.

मॉड्यूलमध्ये प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ, मग उतारे, मग व्याकरण, शेवटी जोडशब्द आणि टिपणांचे प्रश्न. मी थेट व्याकरणावर उडी मारायची आणि तिथून मागे यायची. उताऱ्यांनी डोकं शिणायच्या आत सेमीकोलन मोजून होतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा मागे सुटलेले प्रश्न शेवटच्या मिनिटात अंदाजाने का होईना, भरून टाका. वरचं घड्याळ धडकी भरवत असेल तर ते लपवता येतं, शेवटची पाच मिनिटं उरली की ते आपणहून परत दिसतं.