कोण आहे का?

गुहागर-विजापूर रस्ता आमच्या जतवरून जातो. लहानपणापासून ते नाव तोंडात, पण गुहागर नेमकं कुठं असतं हे बघायची वेळ 2024 च्या शिक्षक भरतीत आली. पवित्र पोर्टलवर माझ्या नावापुढं रत्नागिरी जिल्हा लागला. वडिलांनी मोबाइलवर नकाशा काढला आणि म्हणाले, "बरं झालं, वळायचं कुठंच नाही. सरळ जायचं." कराड सोडून कुंभार्ली घाट उतरताना मी दोनदा ओकले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. मी चिपळुणात खोली घेतली आणि मार्गताम्हान्याच्या पुढं एका फाट्यावरच्या शाळेत रोज सकाळच्या एसटीनं जायला लागले. शिकवायची भीती नव्हती, पावसाची थोडी होती. एसटीत बसायला नव्यानं शिकावं लागेल असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं रुमाल टाकत नाहीत असं नाही. जतच्या स्टँडवर मी स्वतः खिडकीतून उसाचं कांडं आत सारून जागा धरलेली आहे. पण तिकडं रुमाल म्हणजे भांडणाला निमित्त. "मी आधी टाकला", "मी आधी बसलो", आवाज ज्याचा मोठा त्याची सीट. चिपळूणला पहिल्या सकाळी बघितलं, तर गाडीत मुंगी शिरायला जागा नाही आणि भांडणही नाही. मला वाटलं, कोकणातली माणसं भलतीच सोशिक दिसतात. ही माझी पहिली चूक.

आमच्या गाडीला गर्दी का असते हे दोन दिवसांत कळतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तेही लागत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट. म्हणजे सगळी गाडी आम्हा बायकांची, पोरींची आणि म्हाताऱ्या माणसांची. तिकिटाला सवलत आहे, सीटा मात्र होत्या तेवढ्याच.

त्यात पावसाळा. खिडक्यांच्या काचा बंद, बाहेरून रुमाल टाकणार कसा? तर गाडी फलाटाला मागं येत असतानाच खालचा माणूस छत्रीच्या दांड्यानं काचेवर टकटक करतो. आत आधी घुसलेला कुणीतरी काच सरकवतो, पिशवी घेतो, "पुढं की मागं?" एवढं विचारतो आणि हव्या त्या सीटवर ठेवून देतो. दोघांची ओळख असेलच असं नाही. रुमाल हे आपलं म्हणायला. खरा रुमाल फारसं कुणी टाकत नाही, तो रेक्झिनवरून घसरून सीटच्या फटीत जातो. पाण्याची बाटली गाडी हलली की चालायला लागते. वर्तमानपत्र कुणाचंही असू शकतं. ओली छत्री ठेवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या, कारण जागा राहते पण बसता येत नाही. सगळ्यात पक्की म्हणजे डब्याची पिशवी. जेवणाचा डबा सोडून माणूस लांब जात नाही.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका सीटवर निळी कापडी पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. खिडकीशी एक बाई डोळे मिटून बसलेल्या. मी दहा मिनिटं त्या पिशवीकडं बघत उभी. माणूस उभा आणि पिशवी बसलेली, हे काही माझ्या डोक्यात मावेना. कंडक्टर चढला, त्यानं दार ओढलं. मी म्हटलं, झालं, आता कोण येतंय? पिशवी उचलली, वर रॅकवर ठेवली आणि बसले.

दार परत उघडलं. एक आजी चढल्या. हातात मेडिकलची कागदी पुडी, गुडघ्याला क्रेप बँडेज. त्यांनी सीटकडं बघितलं, मग वर रॅककडं, मग माझ्याकडं. मी उठले. खरं सांगायचं तर अर्धवटच उठले.

"बसा बाय, बसा तुमी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या सीटचा दांडा धरून उभ्या राहिल्या. मी दोनदा म्हटलं, त्यांनी दोनदा मान हलवली. रामपूर आलं तेव्हा पुढच्या कॉलेजच्या पोरानं उठून जागा दिली. ती मात्र त्यांनी लगेच घेतली.

कुणी काही बोललं नाही. जतला असतं तर चार जणांनी माझा उद्धार केला असता आणि विषय तिथल्या तिथं मिटला असता. इथं काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं तीन आठवडे चाललं.

म्हणजे काय, तर या गाडीत बसलेल्यानं उभ्याचं ओझं मांडीवर घ्यायचं असतं. मागावं लागत नाही. तुम्ही वरचा दांडा धरता न धरता तोच खालून एक हात येतो, "द्या इकडं". एकेका काकीच्या मांडीवर तीन दप्तरं, एक डबा, वर कुणाचं तरी पोर, आणि त्या ढिगाच्या मागून काकी बाजूवालीशी बोलत असतात. पोरी उतरताना आपापलं दप्तर बरोबर उपसून घेतात. माझी पर्स, डबा आणि वह्यांचा गठ्ठा घ्यायला तीन आठवडे एकही हात आला नाही. चाळीस वह्या एका हातात आणि दुसऱ्या हातानं दांडा. वळणावर कुठल्या हातानं काय सोडायचं, याचा मला रोज विचार करावा लागायचा.

शेवटी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर एकदा शेजारी उभ्या होत्या, त्यांनी तोंड उघडलं. "मॅडम, पिशवीला हात नाही लावायचा. विचारायचं."

"कुणाला विचारणार? माणूसच नव्हतं."

"शेजारच्याला. कोण आहे का, एवढंच."

मी म्हटलं, मी रोज विचारते की, "ही सीट रिकामी आहे का?" म्हणून. सिस्टर हसल्या. "रिकामी तर दिसतेच ना मॅडम. ते काय विचारायचं?"

मग मी लक्ष देऊन ऐकायला लागले, तर खरंच सगळे एकच प्रश्न विचारत होते. कोण आहे का? आणि उत्तर सीटवरची पिशवी देत नाही, शेजारी देतो. त्यानं सांगायचं असतं की कोण आहे, कुठं गेलंय. "आहेत, मेडिकलात गेल्यात." "आहे, भाऊ आहे माझा, खाली चहा घेतोय." एवढं कळलं की विचारणारा पुढं सरकतो, पुन्हा त्या सीटकडं बघतही नाही. पण शेजारी नुसतं "हो, आहे वाटतं कुणीतरी" असं पुटपुटला, तर ती जागा मोकळी. मग पिशवीही तोच शेजारी स्वतःच्या हातानं उचलून मांडीवर घेतो. तुम्ही नाही उचलायची. एवढ्या बारीक फरकासाठी मी तीन आठवडे वह्या वाहिल्या होत्या. त्या दिवशी खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या बाईंचं मला अजून उलगडलेलं नाही. झोपल्या होत्या, की मी काय करते ते बघत होत्या?

शेजाऱ्याची साक्ष असली तरी एका माणसानं एकच जागा धरावी, फार तर दोन. जुलैमध्ये एका कॉलेजकुमारानं पाच धरल्या. एकीवर वही, एकीवर टोपी, एकीवर हेल्मेट (एसटीत हेल्मेट कशाला, देव जाणे), चौथीवर मोबाइलचा चार्जर आणि पाचवीला काही उरलं नाही म्हणून कमरेचा पट्टा. एक मावशी आल्या, पट्ट्याकडं बोट करून विचारलं, "कोन हाय?" पोरगं म्हणालं, "मित्र आहे." "नाव काय त्याचं?" पोरगं गडबडलं. मावशींनी पट्टा दोन बोटांत धरून त्याच्या हातात दिला, "पँट सांभाळ आधी," म्हणाल्या आणि बसल्या. बाकीच्या चार सीटाही गाडी निघेपर्यंत भरल्या. कंडक्टर हे सगळं बघत तिकिटं काढत होता. त्याचं धोरण ठरलेलं आहे: "तिकिटाचं मी बघतो, जागेचं तुम्ही बघा." फक्त राखीव सीटांवर तो बोलतो. महिलांच्या पाटीखाली पुरुषाची पिशवी असेल आणि तो म्हणत असेल की बायकोसाठी धरली, तर बायको दाखवावी लागते. दिव्यांगांच्या सीटवर तर कुणी पिशवी ठेवायच्या भानगडीत पडतच नाही.

संध्याकाळचा प्रकार निराळा. गाडी गुहागरहून भरून येते, शृंगारतळीला आणखी भरते, आमच्या फाट्यावर आम्ही लोंबकळायच्या बेतात चढतो. तिथं टाकायला जागाच नसते, म्हणून पिशवी चालत नाही. तिथं प्रश्न "कुठं उतरणार?" ज्यानं पहिल्यांदा विचारलं त्याचा नंबर, मग तो चार माणसं सोडून लांब का उभा असेना. "मी मार्गताम्हान्याला, पण माझ्यामागं या काकी आहेत," असं बसलेला माणूसच पुढच्याला सांगतो. उतरताना तो एकदम उठत नाही. अर्धवट उठतो, एक हात सीटवर दाबून ठेवतो, नंबरवाला गर्दीतून वाट काढत पोचला की मगच हात काढतो. मला पहिल्यांदा अशी जागा मिळाली ती रामपूरला, एका मिस्त्रीची. सिमेंट लागलेला त्यांचा हात सीटवर आणि ड्रायव्हरला ओरडून सांगणं चालू, "थांब रे जरा, मॅडम येतायत!"

आजी दर मंगळवारी यायच्या, दवाखान्याचा वार. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी अर्धा तास आधी स्टँडवर गेले, गाडीत पहिली शिरले आणि पुढच्या दाराजवळच्या सीटवर माझी डब्याची पिशवी ठेवली. शेजारी एक मुलगी बसली होती, तिला सांगितलं, "कुणी विचारलं तर आहे म्हण." आणि मी बाजूला उभी राहिले. हे चूकच होतं, स्वतः उभं राहून कुणी जागा धरतं का? पण मला वाटलं, मी बसले आणि शेजारची धरली तर ते फुकटचं दिसेल.

एक गृहस्थ आले. मुलीला विचारलं, "कोण आहे का?"

"आहेत," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

"कोण?"

मला आजींचं नावच ठाऊक नव्हतं. आसपासचे सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "आहेत... त्या गुडघ्याच्या आजी."

मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. गृहस्थही हसले आणि मागं गेले, म्हणजे आजी कोण ते त्यांनाही कळलं. आजी आल्या, कुणीतरी बोट दाखवलं, त्या बसल्या. पिशवी उचलून मांडीवर घेतली, वास घेतला, "भाकरी काय?" विचारलं. मग वर न बघताच हात पुढं केला. मी पर्स दिली. वह्यापण घेतल्या.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. सुट्टी लागायच्या आधीच्या सकाळी स्टँडवर चाकरमानीच चाकरमानी. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले, चिपळूण स्टेशनावरून रिक्षानं थेट आमच्या गाडीपाशी. त्यांनी खिडकीतून बॅगा अशा फेकल्या की एक माझ्या खांद्याला लागली. सहा सीटांवर सहा बॅगा, शेजारी साक्षीला कुणी नाही. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. चार दिवसांचे पाहुणे." पण बॅगा उतरेपर्यंत त्यांचं तोंड वाकडंच होतं.

मधल्या एका सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, वर रुमाल. शेजारी खिडकीशी पांढरा सदरा घातलेले काका, त्यांचा एक हात त्यावर. मी सवयीनं विचारलं, "कोण आहे का?"

"आहेत की," काका म्हणाले. "बाप्पा आहेत."

नीट बघितलं तर टॉवेलातून मखमली पिवळं पीतांबर डोकावत होतं. चेहरा झाकलेला. घरी नेताना झाकूनच नेतात. या गाडीत इतक्या महिन्यांत मी बघितलेला हा पहिला खराखुरा रुमाल. कंडक्टर आला, "किती?" काका म्हणाले, "एक." कंडक्टरनं सीटकडं बघितलं, उभ्या गर्दीकडं बघितलं, मशीनमधून एकच तिकीट काढलं आणि पुढं गेला. मुंबईच्या एका बाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रामपूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली आणि रुमाल घसरला. काकांचा दुसरा हात त्यांच्या नातवानं धरला होता. मागून दोन-तीन हात एकदम पुढं आले. सिस्टरांचा आधी पोचला, त्यांनी रुमाल परत नीट बसवला.

मी फाट्यापर्यंत उभीच होते. उतरून चार पावलं गेल्यावर मागून हाका आल्या, "मॅडम, मॅडम!" माझी पर्स आत कुणाच्या तरी मांडीवरच राहिली होती. गाडी सुटायच्या आत ती खिडकीतून खाली आली, पाठोपाठ वह्या. कुणी दिल्या ते दिसलं नाही, नुसता हिरव्या बांगड्यांचा हात.